उस्तादचा बल्ब

सलीमबद्दल आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, चांगलंच सांगतील. कुणाशी तंटा नाही, तोंडात शिवी नाही, गिऱ्हाइकाला उगाच हेलपाटे घालायला लावणं नाही. मी मात्र चांगलं सांगणार नाही. आणि वाईट सांगायला गेले तर माझीच जीभ अडखळते, कारण हा माणूस एकदा माझ्या दुकानात फोमच्या गठ्ठ्यांमागं बसून लहान पोरासारखा रडलाय, आणि त्याच्यासाठी मी अख्ख्या गल्लीशी भांडलेय. आता त्याचं नाव काढलं तरी माझं टाळकं सटकतं.

मी चांगुणा. नाशकात द्वारका चौकाच्या मागं गॅरेजवाल्यांची गल्ली आहे, तिथं गाड्यांची सीट कव्हरं शिवते. नवरा होता तेव्हा तो शिवायचा, मी कापायचे. तो गेला, आता दोन्ही मीच करते. माझ्या दुकानाला लागून मुझफ्फर उस्तादचं दुकान, गाड्यांच्या वायरिंगचं. सलीम त्याच्या बहिणीचा मुलगा, मनमाडचा. बाप स्टेशनात हमाली करायचा, तो वारल्यावर आईनं पोराला भावाकडं पाठवलं, हाताला काम लागेल म्हणून. काम लागलं. त्याच्याबरोबर बाकीही बरंच काही लागलं.

उस्तादनं सलीमवर हात उचललेला मी कधी पाहिला नाही. त्याला गरजच नव्हती. सलीम बोनेटमध्ये डोकं घालून काम करत असला की हा गुपचूप आत बसून हॉर्न दाबायचा. सलीम दचकायचा, डोकं वर आपटायचं, आणि गल्ली फिदीफिदी हसायची. सलीमचं लग्न झालं, येवल्याच्या विणकराची मुलगी आली, सितारा. मोठी गुणी पोरगी. ती डबा घेऊन आली की उस्ताद मुद्दाम मोठ्यानं म्हणायचा, "बघ गं बेटी, तुझा नवरा! याच्या हातात वायर दिली की वायरला पण लाज वाटते." सितारा खाली बघायची. सलीम हसायचा. मला त्या हसण्याचाच जास्त राग यायचा. अरे, निदान हसू तरी नकोस ना!

कामात मात्र उस्तादचा हात धरणारा नाशकात कुणी नव्हता, हे कबूल करायला पाहिजे. गाडीचा फ्यूज सारखा उडतोय म्हणून माणूस आला की बाकीचे लोक नवा फ्यूज घालून बघायचे, तोही उडायचा. उस्ताद फ्यूजच्या जागी एक बल्ब जोडायचा. गाडीचे दिवे आधी काढून ठेवायचे, म्हणजे बल्ब पेटायला काही कारणच उरत नाही. तरी पेटला, तर समजायचं की वायर कुठंतरी पत्र्याला लागतेय. मग एकेक जोड सोडवत जायचं, वायर हलवत जायचं. बल्ब विझला की तिथंच शॉर्ट. बल्ब साधाच होता, दोन वायरी, दोन चिमटे, होल्डरला लाल टेप. पण तो त्याला त्याच्या उस्तादनं दिलेला होता.

आणि इथंच सगळी गोम होती. आमच्या गल्लीत दसऱ्याला सगळे आपापली हत्यारं धुऊनपुसून मांडतात, त्यात कुणी हिंदू-मुसलमान बघत नाही. त्या दिवशी वायरिंगवाला उस्ताद तयार झालेल्या माणसाला सगळ्यांसमोर आपला बल्ब देतो. मग त्यानं कुठंही दुकान टाकावं. बल्ब नसेल तर टाकताही येतं म्हणा, कुणी पोलीस पकडत नाही. पण जीपवाले पहिलं हेच विचारतात, "बल्ब कुणाचा?" उत्तर नसलं की गाडी पुढं जाते. बल्ब देण्याआधी उस्ताद एक गाडी देतो. तिच्यातला शॉर्ट एकट्यानं शोधायचा. दुसऱ्या कुणी सांगितलं की बाद, पुढं कधीच नाही.

सलीमचा जीव त्या बल्बात अडकला होता. सिन्नरला एमआयडीसीच्या रस्त्याला त्यानं जागा बघून ठेवली होती, मागं राहायला खोली. सितारा उस्तादच्या घरात सगळ्यांचं रांधून कंटाळली होती. मला म्हणायची, "ताई, मला फक्त माझी चूल पाहिजे. तिच्यावर काय शिजेल ते शिजेल." सलीमनं तर पाटीसुद्धा रंगवून आणली होती, 'सलीम ऑटो इलेक्ट्रिक', लाकडी फळीवर, पिवळ्यावर निळी अक्षरं. ती माझ्या दुकानात लपवून ठेवली होती. जेवायच्या सुट्टीत येऊन नुसती बघून जायचा.

त्या वर्षी खंडेरावची जीप आली. खंडेराव सिन्नर लाईनला पॅसेंजर मारायचा. रिव्हर्सचा दिवा बसवून घ्यायला म्हणून आला. ते काम उस्तादनं स्वतः केलं, शटर अर्धं ओढून. आणि लगेच खंडेराव परत दारात उभा!

"उस्ताद, फ्यूज उडला ना. चेहेडीपर्यंत बी नाय पोचलो तर मागचे दिवे गुल. मागून ट्रक येतोय आन् त्याला माझी जीप दिसत नाय. पॅसेंजर लय शिव्या घालत्यात."

उस्तादनं सलीमकडं बघितलं. "ही जीप तुझी. शॉर्ट शोध आणि दसऱ्याला बल्ब घे."

सलीमचा चेहरा काय फुलला होता सांगू! संध्याकाळी सिताराला पाटी दाखवायला घेऊन आला. तोपर्यंत तिलाही दाखवली नव्हती त्यानं. तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं आणि मला म्हणाली, "ताई, मिठाई तुमच्याकडून."

पण शॉर्ट काही सापडेना. दुकानासमोर जीप उभी असली की बल्ब विझलेलाच. वायर हलवा, ओढा, काही नाही. नवा फ्यूज घालून खंडेरावला पाठवायचं, तो पॅसेंजर भरायचा, आणि वाटेत फ्यूज उडायचा. उडालेला प्रत्येक फ्यूज खंडेराव परत आणून द्यायचा, आणि उस्ताद तो तारेत ओवायचा. लाल, निळे, पिवळे, छोटे प्लॅस्टिकचे फ्यूज. माळ झाली तेव्हा त्यानं ती सलीमच्या गळ्यात घातली, भर दुपारी, सितारा डबा घेऊन उभी असताना.

"काढायची नाही हां," म्हणाला. "शॉर्ट सापडेल तेव्हा काढ."

आणि सलीम ती घालून फिरला! चहाला गेला तरी गळ्यात माळ, स्पेअरपार्टच्या दुकानात गेला तरी गळ्यात माळ. समोरचा पत्रे ठोकणारा डेंटर ओरडायचा, "नवरदेव, वरात कधी?" मी उस्तादला तोंडावर म्हटलं, "मुझफ्फरभाई, माणूस आहे तो, बैल नाही पोळ्याचा." उस्ताद म्हणाला, "बैलाला एवढं शिकवलं असतं तर तो शिकला असता."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सलीम माझ्याकडं आला. "ताई, जरा जीपमध्ये बसता का? मागच्या सीटवर."

"का रे?"

"रिकामी असताना फ्यूज उडत नाही. माणसं बसली की उडतो. मला माणूस पाहिजे."

मी जाऊन बसले. बल्ब भक्कन पेटला. उठले, विझला. परत बसले, परत पेटला. सलीम तर पोरासारखा टाळ्या वाजवायला लागला. मला उतरवून त्यानं सीट सोडवली, खाली हात घातला, चाचपला. आणि त्याचा हात तसाच थांबला. बाहेर काढला तेव्हा मूठ बंद होती. मी ती उघडायला लावली.

आत सुई होती. वाकडी सुई, सीट शिवायची. नाकात माझाच निळा दोरा. रिव्हर्सचा दिवा बसवला त्या दिवशी उस्ताद ती माझ्याकडून मागून घेऊन गेला होता, गादी शिवायचीय म्हणून. वायरीतून अशी आरपार घातली होती की टोक पत्र्यापासून केसभर लांब राहील, आणि वरून सीट दबली की टेकेल.

"मुडदा बशिवला त्याचा!" मी ओरडले. "चल, आत्ता गल्ली गोळा करते."

सलीमनं माझे हात धरले. "ताई, तुम्हाला भूषणची शपथ. मामूनं मला जेवू घातलंय. गल्लीत त्याची इज्जत घालवून मी बल्ब घेऊ? मी सांगतो काहीतरी. शॉर्ट मला सापडला, त्याला माहीत आहे कुठं होता, मला माहीत आहे. दोघांपुरतं राहू दे."

बुद्धभूषण माझा मुलगा, तेव्हा शाळेत होता. शपथ घातली म्हणून मी दात आवळून गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी गल्ली जमली. हत्यारांना झेंडू, गाड्यांना झेंडू, आणि सलीमच्या गळ्यात फ्यूज. सितारानं नवी ओढणी घेतली होती. उस्ताद खुर्चीत बसला होता, मांडीवर बल्ब. खंडेरावही आला होता.

"बोल. शॉर्ट कुठं होता?"

"उस्ताद, मागच्या सीटखाली. सीटच्या पट्टीला वायर घासत होती. वरचं प्लॅस्टिक झिजलेलं. टेप मारला."

"दाखव."

सलीमला वाटलं, मामू इथं थांबेल. मामू कशाला थांबतोय! स्वतः उठला, सीट उचलली, वायर बाहेर ओढली आणि टेप सोलला, हळूहळू, सगळ्यांना दिसेल असा. खालची वायर कोरी करकरीत होती. सुईचं भोक तेवढं, ते कुणाला दिसणार?

"ही घासलेली वायर?" त्यानं ती डेंटरच्या नाकासमोर धरली. "बघा रे, कुणाला घासलेलं दिसतंय का? शॉर्ट कुठं होता हे हा भर गल्लीत खोटं सांगतो. उद्या गिऱ्हाइकाला काय सांगेल? असल्याच्या हातात माझ्या उस्तादचा बल्ब देऊ?"

मग माझ्याच्यानं राहवलं नाही, शपथ गेली खड्ड्यात. मी पुढं झाले, सलीमच्या खिशात हात घालून सुई काढली आणि सगळ्यांना दाखवली. "ही माझी सुई! या माणसानं टोचलीय! याची अब्रू झाकायला पोरगं खोटं बोललं, आणि हा त्यालाच चोर ठरवतोय! आणि जीपमधली माणसं ट्रकखाली गेली असती तर?"

"गेली का?" उस्ताद म्हणाला. "हो, मीच टोचली. सुई तुमची, टोचणारा हात माझा. पण चांगुणाबाई, जीभ कुणाची होती?"

लोक हसले. खंडेराव, ज्याचे दिवे रस्त्यात गेले होते, तोसुद्धा मान डोलवून म्हणाला, "उस्तादचं म्हणनं खोटं नाय." मला वाटलं, सलीम आता तरी उसळेल, गळ्यातली माळ तोडून म्हाताऱ्याच्या तोंडावर फेकेल. सलीम मला म्हणाला, "ताई, गप बसा. उस्ताद बरोबरच बोलतात."

आणि मग येऊन माझ्या फोममागं रडला. उस्तादनं ती सुई आपल्या दुकानाच्या चौकटीत खुपसून ठेवली, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला.

सितारा येवल्याला माहेरी गेली ती कितीतरी दिवस आलीच नाही, बापाच्या मागावर बसायला लागली. सिन्नरची जागा दुसऱ्यानं घेतली. पाटीचा पत्ता उस्तादला कसा लागला कोण जाणे, पण त्यानं सलीमलाच पाठवून ती माझ्याकडून मागवून घेतली, तिला खालून चार चाकं ठोकली आणि गाडीखाली शिरताना आडवं पडायला फळी केली. अक्षरं खालच्या अंगाला. सलीम रोज स्वतःच्या नावावर पाठ टेकून काम करायला लागला. मी म्हटलं, "जाळून टाक ती." तर म्हणाला, "चांगली सरकते, ताई."

पुढं उस्तादला लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्याची पोरं पुण्याला, ती फोनवर चौकशी करायची. सलीमनं म्हाताऱ्याचं हगणंमुतणं काढलं, दाढी केली, घास भरवले. सितारा परत आली तीही त्याच्या सेवेलाच. खाटेच्या वर भिंतीला खिळा होता, त्यावर बल्ब. उस्तादचा डावा हात शेवटपर्यंत चालत होता. उस्ताद गेला, दुकान सलीमकडं आलं आणि थोड्या दिवसांनी त्याच्या हातात तो बल्ब दिसला. गल्ली म्हणाली, बरं झालं, म्हाताऱ्यानं जाता जाता दिला. मला इतकं बरं वाटलं की मी पेढे वाटले.

म्हणूनच तर मी माझा मुलगा त्याच्या हाताखाली घातला. भूषणनं आयटीआय केलं, वायरिंगचाच नाद. मी म्हटलं, ज्यानं सोसलंय तोच नीट शिकवेल. आणि शिकवलंही. हॉर्न नाही, टोमणे नाहीत, माळ नाही. भूषण घरी येऊन म्हणायचा, "आई, उस्ताद देवमाणूस आहे." सिन्नरची नाही, पण पाथर्डी फाट्याची एक जागा भूषणनं बघून ठेवली. मी त्याला ती सुईची गोष्ट कितीदा सांगितली असेल! दर वेळी शेवटी म्हणायचे, बाबा, खरं बोल. काय व्हायचं ते होऊ दे, पण समोरच्याची लाज झाकायला स्वतः खोटा पडू नको.

यंदाच्या दसऱ्याआधी सलीमनं भूषणला गाडी दिली. टुरिस्ट गाडी, मागचं दार लावलं की आतल्या दिव्यांचा फ्यूज उडायचा. दुसऱ्या दिवशी मी चहाचा कप द्यायला सलीमच्या दुकानात गेले आणि माझी नजर चौकटीवर गेली. सुई जागेवर नव्हती. इतकी वर्षं गंजत होती तिथं, तिचा नुसता डाग राहिला होता.

सांगावं तर भूषण कायमचा बाद. न सांगावं तर... पण मी म्हटलं, नाही, त्याला उत्तर माहीत आहे. मीच तर घडवलाय त्याला. आणि सलीम म्हणजे मुझफ्फर नव्हे. कदाचित तो हेच बघत असेल की हा पोरगा आपल्यासारखा झुकतो की ताठ राहतो. ताठ राहिला तर आनंदानं देईल. असं मी स्वतःला समजावलं आणि मशीनवर बसले. शिलाई सगळी वाकडी पडत होती.

दसऱ्याला परत गल्ली जमली. सलीम त्याच खुर्चीत, मांडीवर बल्ब.

"बोल, भूषण. शॉर्ट कुठं होता?"

भूषणनं तळहात उघडला. "मागच्या दाराच्या वायरीत, उस्ताद. सुई होती. तुम्ही टोचलेली."

काय खणखणीत बोलला! माझा ऊर भरून आला. सलीमनं सुई घेतली, उलटीसुलटी केली.

"सुई आहे हे तुला कसं कळलं?"

"बल्ब लावून. दार लावलं की पेटायचा."

"ते झालं जागेचं. मी टोचली, हे कसं कळलं?"

भूषणनं माझ्याकडं बघितलं. नको होतं बघायला.

"तुझ्या आईनं सांगितलं," सलीम म्हणाला, अगदी मऊ आवाजात. "आज नाही, तू शाळेत होतास तेव्हापासून सांगतेय. उत्तर बाहेरून आलं. दुसऱ्यानं सांगितलं की बाद. गल्लीचा नियम आहे, माझा नाही."

आणि बल्ब खिशात घातला! लोक पांगायला लागले. डेंटर म्हणाला, "नियम तर नियम आहे, चांगुणाबाई." मी सलीमची कॉलर धरली. हो, धरली, सगळ्यांदेखत.

"तू खोटं बोललास म्हणून बाद झालास. हा खरं बोलला म्हणून बाद? मग कसं बोललं की मिळतो रे तो बल्ब? सांग ना मेल्या! तुला कसा मिळाला?"

त्यानं कॉलर सोडवली नाही. माझ्या कानाजवळ आला, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये असा.

"मला कुणी दिला, ताई? मामूच्या डोक्यावरच होता. मी रोज खिळ्याकडं बघायचो, तोही बघायचा. हात चालत होता त्याचा. शेवटच्या दिवशी मी मागितला, तोंडानं मागितला. त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. माती देऊन आलो आणि मीच काढून घेतला." मग म्हणाला, "मला दिलाच नाही कुणी. मग मी कसा देऊ?"

माझ्या हातातून कॉलर सुटली.

रात्रभर मी भूषणला समजावलं. म्हटलं, बिनबल्बाचं टाकू दुकान, उपाशी मरत नाही आपण. माझ्याकडं सीट कव्हरला येणारी गाडी तुझ्याकडं पाठवीन. तो हं हं म्हणत राहिला. सकाळी मी शटर उघडलं तर हा सलीमच्या दुकानात, अंगात कामाचे कपडे, एका गाडीपाशी उकिडवा.

"अरे, तू इथं?"

"मग कुठं जाऊ?" म्हणाला. "कायमचं बाद म्हणतात, तरी पुढच्या दसऱ्याला बघू. आणि आई, उस्ताद बरोबरच बोलतात."

मी त्याच्या कानफटात दिली. त्यानं गाल चोळला, हसला, सलीमची ती पिवळी फळी ओढली आणि तिच्यावर पाठ टेकून गाडीखाली गेला.